गावच्या सुपुत्राचा पासपोर्ट

आमच्या गावच्या पत्त्यावर पासपोर्ट फार येत नाहीत. गावचं टपाल माझ्याकडं आहे, त्यामुळं मला ते पक्कं माहीत असतं. घराच्या पुढच्या खोलीत आमचं पोस्ट: एक टेबल, वजनकाटा, शिक्क्यांचा डबा आणि रेंज आली तरच चालणारं मशीन. या टेबलावर मध्यंतरी एक पासपोर्ट आला. मी आधार कार्ड बघितलं, सही घेतली, पाकीट मालकाच्या हातात दिलं आणि त्यानं माझ्या हातावर पेढा ठेवला. तो पासपोर्ट पुढं खोटा निघाला. खोटा म्हणजे कुठं चोरून छापलेला नव्हे. पुस्तिका सरकारी होती, राजमुद्रा खरी होती. माणूस खोटा होता. आणि त्या माणसाला खरा ठरवणारे आमचे लोक त्याच्याहून खोटे होते.

हे मी चिडून लिहिते आहे. शांतपणे लिहायला घेतलं तर आमच्या लोकांना वाटेल, बाईनं मनावर घेतलं नाही, म्हणजे पुन्हा असं करायला हरकत नाही.

शिरूर तालुक्यात, निमोण्याच्या अलीकडं आमचं गाव. नवरा रांजणगावला कंपनीत आहे. कंपनीची बस स्टँडवर येते, तिच्यात बसून जातो आणि आठवड्याच्या शिफ्टप्रमाणं कधीही परत येतो. दोन मुली. थोरली लग्न होऊन गेली. धाकटी नर्स झाली आणि दौंडच्या एका खासगी दवाखान्यात लागली. तिथंच एका बाईंच्या घरात खोली घेऊन राहू लागली. सुटी मिळाली की घरी यायची, आल्या आल्या माझं ब्लड प्रेशर बघायची आणि मीठ कमी कर म्हणून ओरडायची. तिच्या दवाखान्यातल्या मुलींनी परदेशातल्या एका हॉस्पिटलसाठी मुलाखत दिली, त्यात हीही होती. निवड झाली. आता पासपोर्ट तेवढा हवा होता. ठरल्या मुदतीत पासपोर्ट हातात आला तर बॅचबरोबर जायचं, नाहीतर हिची जागा दुसरीला. एवढं सोपं काम.

अर्ज भरताना तिनं मला विचारलं होतं, "आई, पत्ता कुठला घालू?"

"पत्ता काय इचारतीस? घरचा घाल की."

जन्म इथला, शाळा इथली, रेशन कार्डात नाव इथं, मतदान इथं. आणखी कुठला पत्ता घालणार होती? माझ्या डोक्यात दुसरा विचारच आला नाही.

आता अध्यक्षांकडं वळते. हे गृहस्थ नात्यानं माझे चुलत दीर. नवऱ्याहून लहान, म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणते आणि ते मला वहिनी; मुली तात्या म्हणतात. गाव त्यांना अध्यक्ष म्हणतं, कारण भैरोबाच्या यात्रा कमिटीचे ते अध्यक्ष आहेत. त्याआधी दूध संस्थेचे होते, त्याआधी एका मंडळाचे होते. कशाचं तरी अध्यक्ष असल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, गाडीच्या काचेवर मोठ्या अक्षरांत घराण्याचं नाव आणि सकाळपासून स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात बैठक. कामधंदा काय करतात हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही, आणि टपालवाल्या बाईला जे कळत नाही ते बहुधा नसतंच.

त्यांच्या या दरबारात एक दिवस सिलिंगवाला दाखल झाला. एमआयडीसीमुळं आमच्या भागात नवे बंगले उठले, आणि बंगला म्हटला की वर पीओपीचं सिलिंग आलंच. ते करणारी परप्रांतातली मुलं कुठून कुठून येतात, भाड्याच्या खोल्यांत दाटीनं राहतात आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढरी होऊन हिंडतात. हा त्यातलाच. पण दोन वर्षांत तो मजुराचा मिस्त्री झाला आणि मिस्त्रीचा ठेकेदार. जीभ गुळगुळीत. म्हाताऱ्यांना आबा म्हणायचा, आप्पा म्हणायचा, बायांना काकू. मराठी आमच्या लोकांपेक्षा लवकर उचलली त्यानं. "व्हय आबा, उद्याच्याला करतो आबा," असं म्हणाला की म्हातारी माणसं विरघळायची. तो आपण पूर्वेकडच्या राज्यातला आहोत असं सांगायचा. खरं म्हणजे तो सीमेपलीकडचा होता, दुसऱ्या देशाचा. आधार कार्ड कुठल्याशा एजंटाकडून त्यानं आधीच मिळवलेलं होतं. त्याला कमी होतं ते एक गाव. आपलं म्हणून सांगता येईल, आणि कुणी विचारायला आलं तर 'हो, आमचाच' म्हणेल, असं गाव. ते त्याला आमच्या अध्यक्षांनी दिलं.

कसं दिलं, तेही ऐकण्यासारखं आहे. त्यानं भैरोबाच्या देवळात फुकट सिलिंग करून दिलं. आमचा भैरोबा दगडी मंडपातला, साधा, थंडगार. उन्हातून आलं की तिथं टेकावंसं वाटायचं. त्याच्या डोक्यावर आता कमळाची नक्षी, सोनेरी पट्टे आणि त्यातून निळे-जांभळे दिवे. लग्नाच्या हॉलमध्ये देवाला चुकून बसवलंय असं वाटतं. मी तोंडावर सांगितलं, "भाऊजी, आता देवापुढं ऑर्केस्ट्रा लावा, म्हंजी झालं." ते हसले. त्यांना ते कौतुक वाटलं.

मग यात्रेत सत्कार. स्टेजवर फेटा, शाल, नारळ. अध्यक्षांच्या हातात माईक आला की त्यांना भान राहत नाही. त्यांनी जाहीर करून टाकलं, "आपल्या गावचे सुपुत्र, युवा उद्योजक!" आणि सिलिंगवाला हात जोडून उभा. दुसऱ्या दिवशी स्टँडवर फ्लेक्स लागला. त्यावर सुपुत्राचा फोटो मध्यम आणि अध्यक्षांचा मोठा. ज्याचा सत्कार त्याच्याहून करणाऱ्याचा फोटो मोठा छापायचा, ही आमच्याकडची रीत आहे. गावात कुणी हसलं नाही. फ्लेक्सवर छापलेल्या गोष्टीला आमच्याकडं कुणी हसत नाही. बारावी नापास मुलाला आम्ही फ्लेक्सवर 'मार्गदर्शक' लिहितो आणि महिनाभरानं लोक खरोखर त्याच्याकडं मार्गदर्शनाला जातात. तसाच हा सुपुत्र झाला. पुढच्या सणाला त्याला आमंत्रणं आली, दोन लग्नांत त्याला टोपी-टॉवेलचा आहेर झाला, आणि अध्यक्षांनी त्याला आपल्या वस्तीवरची खोली भाडेकरार करून दिली. तो गावचा झाला तो असा.

त्यानं पासपोर्टचा अर्ज केला तो माझ्या लेकीनं केला त्याच सुमारास. चौकशीला हवालदार आले, तेही दोन्ही अर्ज घेऊन एकाच फेरीत. त्या दिवशी मी टपालाच्या कामानं वरच्या ऑफिसला गेले होते, नवरा पहिल्या पाळीला, घराला कुलूप. हवालदार रीतसर घरापर्यंत येऊन गेले, कुलूप बघितलं आणि शेजारी चौकशी करावी म्हणून स्टँडवर गेले. स्टँडवर चौकशी म्हणजे हॉटेल, आणि हॉटेल म्हणजे अध्यक्ष. तिथं काय बोलणं झालं ते मला हॉटेलवाल्यानं सांगितलं. तो समोरच भजी तळत होता आणि त्याच्या पोटात काही राहत नाही.

हवालदारांनी आधी सिलिंगवाल्याचं नाव घेतलं.

"आवो साहेब, आमच्या घरातलंच पोरगं हाय ते," अध्यक्ष म्हणाले. "ल्हानपनापास्नं बघतोय त्याला. त्यो बगा, फ्लेक्स बी लागलाय समोर."

हवालदारांनी मान वर करून फ्लेक्स बघितला. मोबाइल काढून त्याचा फोटोही घेतला. एवढ्या मोठ्या अक्षरांत 'गावचे सुपुत्र' छापलेलं असताना त्यांनी तरी आणखी काय विचारावं?

मग माझ्या लेकीचं नाव निघालं. अध्यक्षांनी चहाची बशी खाली ठेवली.

"ती व्हय? ती न्हाई इथं राहत. दौंडला असती. कुनाच्या घरात असती, कशी असती, आमाला काय म्हाईत न्हाई."

झालं. हवालदारांनी जे ऐकलं ते लिहून नेलं.

मला राग कशाचा आला ते नीट सांगते. सिलिंगवाल्याबद्दल ते खोटं बोलले, ते मी समजू शकते. खोटं बोलणं हा त्यांचा रोजचा व्यायाम आहे. पण माझ्या लेकीबद्दल ते खरं बोलले. ती दौंडला राहत होती, हे खरंच होतं. आयुष्यभर ज्या माणसानं दुधातल्या पाण्यापासून मतांच्या बेरजेपर्यंत एक गोष्ट खरी सांगितली नाही, त्याला नेमकं त्या दिवशी खरं बोलायची हुक्की आली. आणि त्या खऱ्याच्या शेपटीला 'कुणाच्या घरात असती' एवढं जोडून दिलं. ती ज्या बाईंकडं राहत होती त्या बौद्ध, त्यांचा नवरा रेल्वेत होता, आणि हे अध्यक्षांना चांगलं माहीत होतं. माहीत नाही म्हणताना ते माहीत असल्याचंच सांगत होते.

आता कुणी म्हणेल, पुतणीवर एवढा दात कशासाठी? तर लग्नाच्या पत्रिकेसाठी. थोरलीच्या लग्नात पत्रिकेवर निमंत्रकांमध्ये त्यांचं नाव तिसऱ्या ओळीत छापलं गेलं, दोन मामांच्या खाली. छापणाऱ्यानं वयाप्रमाणं लावलं होतं. पण अध्यक्ष लग्नात जेवले नाहीत. मांडवात आले, फोटोला उभे राहिले, आणि पानावर बसायच्या वेळी गाडी काढून गेले. मी तेव्हाच नवऱ्याला म्हटलं होतं, हा माणूस हे विसरायचा नाही. नवरा म्हणाला, "एवढ्यातेवढ्यावरनं कोन डूख धरतंय?" नवऱ्याचा स्वभाव चांगला आहे. चांगल्या स्वभावाच्या माणसाला भावकी कधीच कळत नाही.

तर लेकीच्या मोबाइलवर मेसेज आला, पोलीस अहवाल प्रतिकूल. आणि त्याच्या थोड्याच दिवसांनी माझ्या टेबलावर ते पाकीट आलं, सिलिंगवाल्याच्या नावाचं. पाकीट हाताला लागलं की आत काय आहे ते टपालवाल्यांना कळतं. मी ते उलटंपालटं करून बघितलं. पत्ता आमच्या गावचा, वस्ती अध्यक्षांची, खाली पिनकोड. मी रोज ज्या पिनकोडवर शिक्के मारते तोच.

तो पेढ्यांचा बॉक्स घेऊनच आला. सही केली, पाकीट कपाळाला लावलं.

"काकू, तोंड गोड करा." मग इकडंतिकडं बघत म्हणाला, "ताईचा आला का हो?"

सगळ्या गावात हे विचारणारा तो एकटा. भावकीतल्या एकाही माणसाला ते सुचलं नव्हतं. मी म्हटलं, "न्हाई अजून." तो म्हणाला, "येईल काकू, टेन्शन घेऊ नका." पुढं सगळं उघड झाल्यावर या वाक्याचा मला फार संताप आला. लबाड माणसानं वर मला धीर द्यावा? पण खरं सांगायचं तर त्याच्या लबाडीत निदान मेहनत होती. दोन वर्षं तो वाकला, भाषा शिकला, लोकांच्या पाया पडला. आमच्या लोकांनी लबाडीसाठी खुर्चीवरून उठायचेही कष्ट घेतले नाहीत. तिकडं हॉटेलात बसल्या बसल्या त्यांनी एकाला गाव दिलं आणि एकीचं काढून घेतलं.

लेकीची मुदत टळली. तिच्या जागी दुसरी मुलगी गेली. बरोबरच्या मुलींचे विमानतळावरचे फोटो तिच्या मोबाइलवर आले, ते तिनं मला एकेक करून दाखवले. ही अमुक, ही तमुक, हिच्या आईनं लाडू दिलेत बघ. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. सुटीवर आली होती, युनिफॉर्म धुऊन वाळत घातला आणि विचारलं, "तात्यांचं मी काय वाईट केलं व्हतं?"

"पत्रिकेत नाव खाली आलं त्यांचं."

"पत्रिका मी छापली व्हती का?" असं म्हणून ती हसली. ते हसणं मला आवडलं नाही. चिडली असती, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी माझ्या परीनं घातल्या, अंगणात उभी राहून, चुलत्याच्या वस्तीकडं तोंड करून. ती म्हणाली, "आई, आत ये. बीपी वाढंल." आणि जाताना सांगून गेली की ती आता दौंडच्या पत्त्यावरून पुन्हा अर्ज करणार. बॅच आणखी एक निघणार होती.

मला ते पटलं नव्हतं. आपलं एवढं घर असताना दुसऱ्याच्या दारावरचा पत्ता? पण बोलायला तोंड कुठं होतं?

मग तो एजंट पकडला गेला, कुठल्यातरी दुसऱ्याच शहरात, आणि दोरा आमच्या गावापर्यंत आला. पोलिसांची गाडी वस्तीवर थांबली आणि सुपुत्राला घेऊन गेली. संध्याकाळ व्हायच्या आत स्टँडवरचा फ्लेक्स उतरला होता. कुणी उतरवला, विचारू नका. गावात कुणालाच माहीत नव्हतं. सिलिंगवाल्याला तर कुणी ओळखतच नव्हतं. ज्यांनी त्याला टोपी-टॉवेल केला होता ते म्हणाले, "मला तर पहिल्यापास्नंच डाऊट व्हता." त्याचा धर्म कोणता, हेही लोकांना त्या दिवशी आठवलं. देवावर नक्षी काढून घेताना नव्हतं आठवलं.

आणि मग आमच्या शूरांनी शौर्य दाखवलं. रांजणगावला कामाला जाणारी बंगालची, बिहारची मुलं भाड्यानं राहत होती, आपल्याच देशाची, रीतसर कागद असलेली. त्यांना खोल्या रिकाम्या करायला लावल्या. त्यातला एक मुलगा महिन्याच्या महिन्याला माझ्याकडं पोस्टाच्या खात्यात पैसे टाकायला यायचा. तो पिशवी घेऊन निघाला तेव्हा दारात थांबला, "दीदी, खाता बंद नहीं करना, मैं आऊँगा," म्हणाला. ज्यानं फसवलं त्याला घर देणारे हेच आणि ज्यांनी काही केलं नाही त्यांना घराबाहेर काढणारेही हेच. मी हे चारचौघांत बोलले, तर एक म्हातारा म्हणाला, "तुमाला काय कळतंय राजकारनातलं?" राजकारण म्हणे! घाबरलेली माणसं दुबळ्याच्या अंगावर धावून जातात, एवढंच त्यात होतं.

अध्यक्षांना चौकशीला बोलावलं. पहिल्यांदा गाडीतून गेले, दुसऱ्यांदा एसटीनं गेले आणि तिसऱ्या वेळी आल्यावर थेट माझ्या दारात उभे राहिले. थोरलीच्या लग्नानंतर पहिल्यांदा. कपड्यांची इस्त्री मोडलेली होती.

"वहिनी, पानी द्या जरा."

पाणी दिलं. प्यायले, आणि मग मुद्द्यावर आले. "वहिनी, तुमी एक जबाब द्यायचा. पासपोर्ट तुमच्याच हातनं गेला ना? तुमी म्हना, मी त्याला वळखत व्हते, गावातलाच हाय, म्हनून दिला. म्हंजी कसं, पोस्टातल्या मानसानंच वळखला म्हनल्यावर आमाला कोन काय बोलंल?"

मला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा हसूच आलं. हा माणूस स्वतःच्या गळ्यातलं काढून माझ्या गळ्यात घालायला आला होता, आणि तेही माझ्याच घरात, माझंच पाणी पिऊन.

"भाऊजी, मी पाकिटावरचं नाव बघितलं आन् कार्ड बघितलं. माझं काम तेवढंच. मानूस वळखायचं काम तुमच्याकडं व्हतं."

"आवो, घरचं मानूस म्हनून आलो तुमच्याकडं."

"घरचं? घरचं पोरगं तर तुमचं जेलात हाय. ल्हानपनापास्नं बघताय न्हवं त्याला? जावा, भेटून या."

त्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. नवरा आतून बाहेर आला, "जाऊ दे, जाऊ दे" म्हणायला लागला. मी म्हटलं, "जाऊ देतीच हाय. दार उघडंच हाय." ते गेले. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं, हे लपवत नाही.

पण झालं काय त्यांचं? काही नाही. 'आमची फसवणूक झाली' असा जबाब त्यांनी दिला, आणि फसलेल्या माणसाला गावानं सहानुभूती दिली. यंदाही यात्रेचे अध्यक्ष तेच. एक बदल मात्र झाला. त्यांना तत्त्व सुचलं. आता कुणाच्याही चौकशीला पोलीस आले की ते हात वर करतात: "आपन कुनाचीच साक्ष देत न्हाई. तत्त्व म्हंजी तत्त्व." कुरकुंभच्या कंपनीत लागलेला गावातला एक मुलगा त्याच्या चारित्र्याच्या दाखल्यासाठी त्यांच्या दाराशी चकरा मारून दमला. मुलगा गावात जन्मलेला, बाप अध्यक्षांच्या शेतात कामाला. त्याला तत्त्व लागू झालं. असलं तत्त्व माणसाला नेमकं गरिबाच्या वेळीच कसं सुचतं, कोण जाणे.

लेकीचा दौंडचा अर्ज पुढं सरकला. हवालदार कधी येणार ते तिला फोनवर कळलं होतं, म्हणून मी मुद्दाम सुटी घेऊन गेले. यावेळी कुणी काही वाकडं बोललं तर समोर उभं राहून उत्तर द्यायचं, असं ठरवून गेले होते. एसटीत बसून मनातल्या मनात भाषण तयार केलं होतं. हिचा जन्म कुठला, शाळा कुठली, हिचा आजोबा कोण होता. माझ्याइतकं तिच्याबद्दल कोण सांगणार होतं?

लेक ज्यांच्याकडं राहत होती त्या मावशींचं घर मी पहिल्यांदा नीट बघितलं. रेल्वे लाइनीच्या बाजूला, दोन खोल्या आणि वर पत्र्याची एक, ती लेकीची. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली लेकीची नर्सिंगची पुस्तकं रचून ठेवलेली. मावशी माझ्याच वयाच्या, अंगानं किरकोळ. बोलायला कमी. मला बघून म्हणाल्या, "या, तिनं तुमच्यासाठी बिनमिठाची भाजी करायला लावलीय."

हवालदार आले. तरुण होते, नीट बोलत होते. आधार कार्ड, भाडेकरार, दवाखान्याचं ओळखपत्र बघितलं. मावशींना विचारलं, "कधीपासून ओळखता?"

"खोली घेतली तवापासून. त्याच्या आधीचं मला माहीत नाही."

"वागायला कशी?"

"ड्युटीवरून आली की पहिली माझी शुगर बघते. मी पडले होते तेव्हा हिनंच उचलून दवाखान्यात नेलं. अजून काय सांगू?"

त्यांनी ते लिहून घेतलं. दुसरी साक्ष शेजारच्या रेल्वेतून रिटायर झालेल्या मामांची झाली. तेही सांगण्यापुरतंच बोलले. मी खुर्चीच्या टोकावर बसून माझी पाळी यायची वाट बघत होते. हवालदारांनी माझ्याकडं बघितलं.

"या कोण?"

"माझी आई," लेक म्हणाली.

"इथंच राहतात?"

"नाही. शिरूर तालुक्यात."

"मग त्यांची साक्ष नको," ते म्हणाले. आवाजात काही वाईट नव्हतं. "आईची चालत पण नाही आणि बाहेरगावची तर नाहीच. तुम्ही बसा काकू, आरामात."

मी बसले. माझं भाषण तसंच राहिलं. जिला मी नऊ महिने पोटात वागवलं तिच्याबद्दल माझा शब्द चालत नव्हता, आणि जिला दोन वर्षांपूर्वी ती माहीतही नव्हती त्या बाईच्या चार शब्दांवर तिचं काम होत होतं. मला मावशींचा राग आला नाही. खूप उपकार वाटले, आणि त्या उपकारांचीच लाज वाटली. एवढे चार शब्द सांगायला आमच्या गावातून एक माणूस निघाला नव्हता.

हवालदार उठता उठता मोबाइलवर अर्ज बघत थांबले. "ताई, एक राहिलं. कायमचा पत्ता पण हाच टाकलाय तुम्ही. चुकून पडलाय का? गावाकडचा टाकायचा होता?"

लेकीनं माझ्याकडं बघितलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "हाच कायमचा."

हवालदारांनी मान हलवली आणि गेले. बाहेर रुळांवरून गाडी धडधडत गेली. अध्यक्षांना मी दारातून घालवलं होतं, त्याचं मला कोण कौतुक होतं. पण माझी पोर गावातून कधीच निघून गेली होती आणि ते मला तिथं, परक्याच्या घरात, कळलं. मावशींनी ताटं घेतली. आम्ही तिघी जेवायला बसलो. भाजी खरोखरच बिनमिठाची होती, मी ती सगळी खाल्ली.